माझ्या मायचा एकुलता एक रुसवा

माय, तुला रुसता येत नव्हतं. रागावता यायचं, आणि ते भरपूर यायचं. म्हशीवर, आमच्यावर, वाफ्यात शिरलेल्या शेजाऱ्याच्या बकरीवर तू एकाच दमात रागवायचीस आणि दम संपला की राग संपायचा. रुसण्याचं तसं नसतं. रुसलेल्या माणसाला आपली समजूत काढायला कोणीतरी येईल ही खात्री लागते. आपल्या घरात तुझी समजूत काढायला येणार कोण? बाबा मोटेवर, दादा बाबांच्या नजरेआड आणि मी तुझ्या मागं मागं काहीतरी मागत. म्हणून तुझ्या उभ्या आयुष्यात तू एकदाच रुसलीस, तेही बाबांनी शिकवून, आठ दिवस तालीम घेऊन. मागच्या आठवड्यात माझ्या मुलाचं लग्न झालं. बुलढाण्याच्या कार्यालयात मुलीचे वडील हात जोडून मला म्हणाले, "ताई, तुमचा काही मानपान राहिला असेल तर सांगा." मी मास्तरीण पडले. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आम्ही असलं काही मानत नाही. घरी येऊन शालू बदलताना मला तुझी आठवण झाली आणि मी एकटीच इतकी हसले की शेवटी कॉटवर बसावं लागलं.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी सातवी पास होऊन घरी बसले होते. आपला मळा केवढासा, विहीर एक, मोट एक आणि बैलजोडी अशी की एक बैल मोट ओढायचा आणि दुसरा त्याला सोबत करायचा. भाजी धाडच्या बाजाराला जायची आणि जी विकली जात नसे ती परत येऊन आपल्या पोटात जायची. आपण सगळे न विकलेल्या वांग्यांवर वाढलो असं मी आजही लोकांना सांगते. त्यांना तो विनोद वाटतो. वांग्याची भाजी समोर आली की मी अजून नमस्कार करून बाजूला सारते.

मुलगी पाहायला बाबा एकटेच गेले होते, घाटाखाली, रोहिणखेडच्याही पुढं. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा चेहऱ्यावर असं तेज की तुला वाटलं, अप्सरा पाहून आले. तू पाण्याचा तांब्या हातात देत विचारलंस, "कशी हाय?" बाबा म्हणाले, "पाच हॉर्सपॉवरची." मग कळलं की व्याह्यांच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. हिरव्या रंगाचं, पितळी पट्टीचं, हँडल मारलं की पहिल्या दणक्यात चालू होणारं. बाबांनी हात लावून पाहिलं होतं. वास घेऊन पाहिला होता. मुलीचं नाक कसं, रंग कसा, उंची किती, एकाचंही उत्तर त्यांना देता येईना. "पोरगी हाय बरी," म्हणाले, "इंजिनापाशी चहा घिऊन आली होती." वहिनीची पहिली ओळख आपल्या घरात अशी झाली.

दादाला इंजिनाचं काही नव्हतं. त्याला मळाच नको होता. त्याला ट्रक चालवायचा होता. मोटेच्या धावेवर तो बैलांमागं उलटा-सुलटा चालायचा तेव्हा तोंडानं गियर टाकायचा. दुपारी तू भाकरी थापायला परात शोधायचीस आणि परात दादाच्या हातात असायची, गोठ्यातल्या ओंडक्यावर बसून तो वळणं घेत असायचा. होणाऱ्या वहिनीच्या मामाचा एक ट्रक होता, सरकीची पोती वाहायचा. दादानं मुलीचा फोटोही मागितला नाही. मामाचा ट्रक कोणत्या रंगाचा, एवढंच बाबांना विचारलं.

आणि मी. मला धाडच्या हायस्कुलात जायचं होतं. आपल्या गावात शाळा सातवीपर्यंत, धाड दोन कोस. मास्तर घरी येऊन सांगून गेले होते. बाबांनी त्यांना चहा पाजला, भेंडी बांधून दिली आणि ते गेल्यावर म्हणाले, "जाव-याव करन्यात दिस जाईन. मंग भाजी कोन खुडन, मास्तर?" त्यावर मी उपाय काढला होता, सायकल. सायकलवर जाईन, सायकलवर येईन, आल्यावर खुडीन. पोट्टी सायकलवर, हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुला सांगते, इंजिन मागणाऱ्या माणसानं सायकलीला हसावं याचा मला फार राग आला होता.

या तिन्ही गोष्टींचा रस्ता एकाच दारातून जात होता आणि ते दार म्हणजे तू. मुलाकडची विहीण लग्नात रुसते, पंगतीला येत नाही, मग व्याही येऊन पदर पसरून विचारतो आणि ती मागेल ते देतो. एकदाच. तो तिचा मान. बाबा म्हणाले, "मी मांगलं तं लोक मले लोभी म्हनतील. तू मांगशीन तं तो रिवाज हाय." एवढा सोयीचा रिवाज असताना तो वापरायचा नाही म्हणजे काय! मला आज हे लिहिताना लाज वाटते. ते इंजिन आणलं असतं तर व्याह्यांकडची माणसं पुन्हा मोट ओढायला लागली असती, हे तेव्हा आपल्या घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तुझ्या आलं असेल.

मग तालीम सुरू झाली. संध्याकाळी जेवणाआधी बाबा डोक्याला फडकं बांधून व्याही व्हायचे. तू भिंतीकडं तोंड करून बसायचीस.

"तोंड फुगव वं."

"असं?"

"हे तं दाढ दुखल्यावानी दिसून राह्यलं. रागानं फुगव."

"कोनाचा राग करू पन? त्यायनं काय केलं मले?"

"माहा कर."

त्यावर तुझं तोंड असं काही झकास फुगलं की दादा टाळ्या पिटायला लागला. पण बाबा हात जोडून "इहीणबाई, काय चुकलं आमचं?" असं गोड आवाजात म्हणाले आणि तुला हसू फुटलं. तुझ्याशी ते त्या आवाजात कधी बोलले नव्हते. तू पदर तोंडात कोंबून हसलीस, मग बाबा हसले, मग चुलीवरचं वरण उतू गेलं. सात दिवसांत तू एकदाही शेवटपर्यंत रुसू शकली नाहीस. शेवटी बाबांनी एक नियम करून दिला, तोंडातून शब्दच काढायचा नाही. भिंतीकडं पाहायचं, गप बसायचं, व्याही स्वतः आले की मगच बोलायचं. तो नियम आपल्याला पुढं भोवला.

तालमीबाहेर प्रत्येकानं तुला वेगळं गाठलं होतं. बाबा ताटावर बसून इंजिनाचे गुण सांगायचे. दादा तू म्हशीखाली बसलेली पाहून यायचा, "माय, मामाले सांग, मले ट्रकवर घ्या म्हना, बाकी मले काई नाई पाह्यजे, बायकोबी नाई." मी चुलीपाशी बसून सायकलीचं सांगायचे. तू सगळ्यांना "हाव" म्हणायचीस. त्यामुळं आपण तिघंही निर्धास्त होतो.

लग्नाला आपण भाजीच्या ट्रकमधून गेलो. दादा हट्टानं ड्रायव्हरशेजारी बसला, शिकायला मिळेल म्हणून, मुंडावळ्या बांधून. घाट लागला. दुसऱ्या वळणापर्यंत तो ड्रायव्हरचे पाय पाहत होता. तिसऱ्या वळणाला त्यानं डोकं बाहेर काढलं आणि घाट संपेपर्यंत आत घेतलं नाही. वऱ्हाड मागं बसून मोजत होतं. नवरदेव मांडवात उतरला तेव्हा वरून हळदीनं पिवळा आणि आतून हिरवा. सासूबाईंना वाटलं, पोरगा लाजाळू आहे.

आपला जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा, तिथल्या शाळेत होता. एक लांब खोली, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, कोपऱ्यात मोडकं टेबल. बाकीचं वऱ्हाड मांडवात गेलं आणि लग्न लागल्यावर ठरल्याप्रमाणं तू मला घेऊन तिथं परत आलीस, तक्त्याकडं तोंड करून सतरंजीवर बसलीस. तू शाळेत पहिल्यांदा बसलीस ती रुसायला, ही गोष्ट मी माझ्या शाळेत कितीतरी वेळा सांगायची म्हटली आणि सांगितली नाही. तिकडं पंगत मांडून झाली होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी (तिथंही!) आणि बुंदी. विहीण बसल्याशिवाय पहिला घास कोणी घ्यायचा नाही, ही रीत घाटावर आणि घाटाखाली एकच. बाकीच्या रीती एक नाहीत हे आपल्याला माहीत नव्हतं.

त्यांच्याकडची एक बाई बोलवायला आली. "चाला जेवाले, इहीणबाई." तू तक्त्याकडं पाहिलंस. "काऊन वो, बरं वाटून नाई राह्यलं काय?" तू बे एके बे वर नजर रोवलीस. बाई मला विचारायला लागली, तर मीही तोंड शिवून बसलेली, कारण नियम. ती थोडा वेळ उभी राहिली, मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अवं माय, आज गुरुवार!" असं म्हणत ती धावतच निघाली.

आपण वाट पाहत बसलो. व्याही येईल, पागोटं काढेल, पदर पसरेल. आली ती भगर. एका ताटात वाफाळती भगर, शेंगदाण्याची आमटी, तळलेले बटाटे आणि सहा केळी. बिचाऱ्यांनी एवढ्या गर्दीत वेगळी चूल पेटवून तुझ्या उपासाचं केलं होतं. ताट तुझ्यासमोर ठेवलं, पाण्याचा लोटा ठेवला, आणि "सावकाश होऊ द्या" म्हणून त्या गेल्या. पंगतीला निरोप गेला की इहीणबाईंचा गुरुवार आहे, त्या तिकडंच फराळ करताहेत, दहा मिनिटं थांबा.

माय, तू सकाळपासून उपाशी होतीस. आमटीचा वास त्या खोलीत असा भरला होता की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. तू मान न वळवता हळूच विचारलंस, "खाऊ काय वं थोडंसं?"

"रुसल्यावर खात नाईत," मी म्हणाले. मी तेव्हापासूनच मास्तरीण होते.

"मंग तू तं खाय."

मी दोन केळी खाल्ली. सायकलीसाठी अंगात ताकद असावी म्हणून.

थोड्या वेळानं बाबांचं डोकं खिडकीत आलं. "काय झालं? आले काय ते?"

"भगर आली," मी म्हणाले.

बाबांनी कपाळावर हात मारलेला आवाज मला आतपर्यंत आला. मग ते मांडवात गेले आणि त्यांना आपल्या तोंडानं सांगावं लागलं, चारचौघांत, "इवाई, तिचा उपास नाई. ते रुसली हाय." व्याही अगदी मनापासून चकित झाले. "बाप्पा! जेवनाच्या अंदी? आमच्याकडे इहीण जेवून, पान खाऊन मंग रुसते." यावर दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांची चर्चा सुरू झाली. घाटावरचे म्हणाले, पोट भरल्यावर कोण रुसतं, मग त्या रुसण्याला अर्थ काय? घाटाखालचे म्हणाले, उपाशी माणूस भुकेनं तोंड पाडून बसला की रुसून, हे कळायचं कसं? मला आजही घाटाखालच्यांचं पटतं. एवढ्यात बट्ट्या गार झाल्या आणि आपले चुलत आजोबा, ज्यांना भूक अजिबात सहन व्हायची नाही, पत्रावळीवर चापट्या मारायला लागले.

शेवटी व्याही आले. वाळलेले, उंच, सदऱ्याला एकच गुंडी. त्यांच्यामागून निम्मा मांडव शाळेच्या दारात जमला. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं. "इहीणबाई, चुकलं असंन तं पदरात घ्या. मांगा काय पाह्यजे ते. माह्या घरी जे हाय ते तुमचंच हाय." ते गोड बोलत नव्हते, घाबरले होते. तालमीत हे नव्हतं.

तू वळलीस. मीही उठून दाराशी गेले होते आणि व्याह्यांच्या पाठीमागं आम्ही तिघं ओळीनं उभे होतो. बाबा हवेत इंजिनाचं हँडल फिरवत होते. दादा मुंडावळ्या सरकवून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून वळण घेत होता. मी अंगठ्यानं सायकलीची घंटी वाजवत होते. व्याही मध्येच मागं वळून पाहायचे, तेव्हा बाबा पाठ खाजवायचे, दादा घाम पुसायचा आणि मी केळाचं साल लपवायचे. तू एकेकाकडं पाहत गेलीस. फार वेळ पाहिलंस. मला वाटलं, आता तुला हसू फुटणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "तुमच्याकून मले काई नाई पाह्यजे, इवाई. मी तुमच्यावर रुसलीच नाई. मी ह्यायच्यावर रुसली." आणि बाबांकडं हनुवटी केलीस.

बाबांचा हात हवेत हँडलावरच राहिला.

"माही पोट्टी हुशार हाय," तू म्हणालीस. "पोरीयमंदी दुसरी आली." मी जमिनीकडं पाहिलं. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. "तिले धाडच्या शाळेत घालतो म्हना. आता, ह्या समद्यायच्या म्होरं. मंग मी ताटावर बसतो."

अशी शांतता मी पुढं इन्स्पेक्टर आल्यावरही शाळेत पाहिली नाही. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. व्याह्यांच्या दारात, सगळ्या वऱ्हाडासमोर, स्वतःच्या बायकोनं. "घरी बोलू," ते दातांतून म्हणाले. तू परत पाढ्यांकडं तोंड केलंस, आणि माय, त्या वेळी तुझं तोंड असं फुगलं होतं की तालमीत एकदाही जमलं नव्हतं. तो रुसवा खरा होता. तेवढ्यात मागून चुलत आजोबांचा आवाज आला, "अबे हाव म्हन नं लेकाच्या! बुंदी खतम होऊन जाईन तिकडे!" पाठोपाठ आणखी दहाजण ओरडले, हाव म्हन, हाव म्हन. घाटावरचे, घाटाखालचे, सगळे एक झाले. बाबा खाली पाहून म्हणाले, "हाव." माझं शिक्षण असं ठरलं. पुढं मी कितीतरी भाषणांत शिक्षणाचं महत्त्व ऐकलं आणि दरवेळी मला भुकेलेले वऱ्हाडी आठवले.

पण व्याही जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "इहीणबाई, तुमी काई मांगलं नाई तं लोक म्हनतील, ह्यायच्या घरी मांगन्यासारखं काई नव्हतं. माही इज्जत राखा. काई तं मांगा." बाबांनी आशेनं मान वर केली. तू विचार केलास. मग म्हणालीस, "तुमची पोरगी आठवीत होती म्हनते, मामाच्या गावी. तिचे पुस्तकं असतीन तं द्या माह्या पोट्टीले." व्याही म्हणाले, "फक्त पुस्तकं?" तू म्हणालीस, "हाव. अन् थे भगर घिऊन या पंगतीत. गार झाली तरी चालन, मले लय आवडते."

वहिनीच्या पेटीत तळाला ती पुस्तकं आली. निम्म्यापर्यंत पानं हाताळलेली, शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा, आणि दिवाळीनंतरची पानं कोरी करकरीत. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं होतं. हे तिनं मला सांगितलं नाही, पुस्तकांनी सांगितलं. मी रागानं काही दिवस ती उघडलीच नाहीत, मला सायकल पाहिजे होती. वहिनीच मग एक दिवस मला पोळपाटाशेजारी बसवून म्हणाली, "तू मोठ्यानं वाच, माहं पुढचं राह्यलं हाये." निम्म्यानंतरची पुस्तकं आम्ही दोघींनी मिळून वाचली. भूमितीत ती माझ्यापुढं होती. तू चुलीपाशी बसून ऐकायचीस आणि काटकोन म्हटलं की दरवेळी विचारायचीस, कोणाच्या घराचा कोन.

बाबा तुझ्याशी पेरणीपर्यंत बोलले नाहीत. म्हशीशी बोलायचे. "म्हशे, पानी तापलं काय?" आणि तू म्हशीलाच सांगायचीस, "तापलं म्हना." एकदा म्हैस चरायला गेली होती आणि बाबा गोठ्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी उभे राहून विचारत होते, भाकरी झाली का. तेव्हा तू आणि वहिनी एकमेकींना धरून हसलात, आणि बाबांनी पाहिलं, आणि त्यांनाही हसू आलं, पण ते त्यांनी खोकल्यात घातलं. त्या दिवसापासून म्हैस सुटली. इंजिन नाही आलं. पुढं वीज आली तेव्हा मोटार बसली, आणि बाबा बटण दाबून म्हणाले, याला हँडलच नाही, यात काय मजा. दादा त्या मामाच्या ट्रकवर गेलाच, तुझ्या शिफारशीशिवाय. गाडी स्वतः चालवली की मळमळत नाही हे त्याला क्लिनर म्हणून वर्षभर ओकल्यावर कळलं. तो तुझ्यावर कधीच नाराज नव्हता असं म्हणतो. ते खोटं आहे. पहिली दोन वर्षं तो घरी आला की परात वाजवून ठेवायचा.

सायकल मला मिळाली नाही. मी चालत गेले, दोन कोस, डोक्यावर कोथिंबिरीची पाटी घेऊन. ती तुझी शक्कल. धाडच्या हॉटेलात सकाळी ताजी कोथिंबीर पोचवायची आणि तिथून शाळेत जायचं, म्हणजे बाबांना माझ्या शाळेचा उपयोग दिसेल. कोथिंबिरीला आपल्याकडं सांबार म्हणतात, त्यामुळं वर्गात माझं नाव सांबार पडलं. मी वर्गात शिरले की मागून कोणीतरी विचारायचं, "जुडी कशी दिली बे?" मला रडू यायचं आणि घरी येऊन मी तुझ्यावर तणतणायचे, सायकल मागितली असतीस तर! तू म्हणायचीस, "सायकलीवर बसून सांबार सुकतो." मी मॅट्रिक पहिल्या वेळी गणितात नापास झाले तेव्हा बाबांआधी तू म्हणालीस, "पोट्टी दुसऱ्यांदा बसन." पुढं मी ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले, आणि माझी पहिली शाळा पाहायला यायच्या आधीच तू गेलीस. त्याचा मला फार राग आहे. अजून आहे.

हे पत्र मी कुठं टाकणार? पत्ता नाही, आणि असता तरी तुला वाचता येत नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवायला लागलं असतं आणि ते काम मी दुसऱ्या कोणावर सोपवलं नसतं. म्हणून बोलले तसं लिहिलं आणि वहीतच राहू दिलं. मात्र इतकी पानं खर्च करून ज्याच्यासाठी बसले ते अजून लिहिलंच नाही.

दादाच्या लग्नाच्या चार दिवस आधी सकाळी आपण दोघी मेथी उपटत होतो. ऊन कोवळं होतं. तू जुडी बांधता बांधता थांबलीस, विहिरीपलीकडं कुठंतरी पाहिलंस आणि म्हणालीस, "मले तं वं..." एवढंच. त्या घरात तुझ्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आणि मी लगेच सायकलीच्या कॅरेजचं काढलं, मागं कॅरेज असलंच पाहिजे, त्याला स्प्रिंग पाहिजे, दप्तर घट्ट बसतं. तू ऐकत राहिलीस. मग पुढची जुडी बांधायला घेतलीस. ते वाक्य तू कधी पुरं केलं नाहीस. तू काही सांगत होतीस हे माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते, वहिनीलाही तसंच सांगितलंय. तसं नाही, माय. मला ऐकू आलं होतं. त्या एकाच मागण्यात तुलाही काही पाहिजे असलं तर माझी शाळा जाईल, एवढं मला त्या वयात बरोबर कळत होतं.